तीस वर्षं तेच श्रोते : हायडनबद्दल बोलूया

औडव

पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकू लागलेली आपली मंडळी बहुधा मोझार्टपासून सुरुवात करतात आणि तिथून थेट बीथोव्हन गाठतात. वाटेत योझेफ हायडन (१७३२–१८०९) लागतो. 'सिम्फनीचा जनक' म्हणून त्याला नमस्कार घडतो आणि गाडी पुढे जाते. मला याचं फार वाईट वाटतं. शंभरावर सिम्फनी (वाद्यवृंदाच्या मोठ्या रचना), ६८ स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो यांच्यासाठी), पियानोचे ढीगभर सोनाटा आणि ट्रायो (तीन वाद्यांच्या रचना), १४ मास (चर्चच्या उपासनेचं संगीत), 'क्रिएशन'सारखी गायनवृंद-वाद्यवृंदाची महाकाय रचना. पसारा मोठा आहे हे मान्य. कुठून हात घालावा ते कळत नाही, म्हणून हा धागा.

मला हायडन उलगडला तो त्याची नोकरी समजून घेतल्यावर. १ मे १७६१ रोजी त्याने एस्तरहाझी या हंगेरियन राजघराण्याशी करार केला. ऑस्ट्रियातल्या आयझेनश्टाटच्या वाड्यात उपप्रमुख संगीतकार म्हणून. तो करार वाचण्यासारखा आहे. पांढरे मोजे घालायचे, केसांना पावडर लावायची. रोज दुपारच्या आधी आणि नंतर बाहेरच्या दालनात हजर राहून आज संगीत हवं आहे का, ते विचारायचं. जे लिहाल ते मालकाचं, बाहेर कुणाला नक्कल द्यायची नाही. पुढच्याच वर्षी तो मालक वारला आणि धाकटा भाऊ निकोलाउस गादीवर आला. हा निकोलाउस १७९०पर्यंत होता आणि तोवर हायडनही तिथेच होता.

निकोलाउस नुसता हौशी नव्हता, स्वतः वाजवायचा. त्याचं वाद्य बॅरिटॉन. हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, खाली आपल्या सारंगीसारख्या तरफा, पण मौज अशी की त्या तरफा मानेच्या मागून अंगठ्याने छेडताही येतात. एकट्या या वाद्यासाठी हायडनने सव्वाशेच्या आसपास ट्रायो लिहिले.

आता बघा. तोच धनी, तेच थोडे वादक, वर्षानुवर्षं तेच कान. काल यांना काय ऐकवलं हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे आता पुढे काय येणार असं त्यांना वाटतंय, तेही ठाऊक आहे. हायडनचं सगळं संगीत मला इथून निघालेलं दिसतं. ऐकणाऱ्याची अपेक्षा आधी नीट बांधायची, मग ती मोडायची, ताणायची, किंवा तो विसरला असेल तेव्हा अचानक पुरी करायची. म्हातारपणी त्याने आपला चरित्रकार ग्रीझिंगर याला सांगितलं होतं की मी जगापासून तुटलेला होतो, मला गोंधळात टाकणारं किंवा छळणारं जवळपास कुणी नव्हतं, त्यामुळे मला स्वतंत्र होणं भागच पडलं.

एकच उदाहरण देतो. ओपस ३३ (ओपस म्हणजे प्रकाशित संचाचा क्रमांक), त्यातला दुसरा क्वार्टेट, ई-फ्लॅट मेजर या स्वरपट्टीतला, १७८१. शेवटची मूव्हमेंट, म्हणजे शेवटचा भाग, ऐका. धावती, हलकी चाल, आठ मात्रांची नव्हे, आठ बारची (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट). पुन्हा पुन्हा येते, पाठच होऊन जाते. शेवट जवळ आलासा वाटतो आणि एकदम चार बार गंभीर, संथ, जड सूर. मग पुन्हा तीच चाल, पण तिचे दोन-दोन बारचे चार तुकडे केलेले आणि प्रत्येक तुकड्यानंतर शांतता. चौथा तुकडा झाला, चाल पुरी झाली, संपलं. लांब शांतता. आणि मग अगदी हळू आवाजात पहिला तुकडा पुन्हा. बस, तिथेच थांबतो. ज्या वाक्याने सुरुवात झाली त्याच वाक्यावर शेवट, आणि ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो. या क्वार्टेटला 'जोक' म्हणतात. मला ते नाव अपुरं वाटतं. विनोद आहेच, पण सुरुवात आणि शेवट म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न चार वाद्यांत एवढ्या नेमकेपणाने विचारलेला मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

तुम्ही काय ऐकता, कुठे अडता, सांगा.

चाफा

वा, वाचनखूण साठवली. मी हायडनची फक्त ९४वी सिम्फनी ऐकली आहे, 'सरप्राइज'. संथ भागात श्रोते पेंगायचे म्हणून त्याने मध्येच एक दणका घातला, अशी गोष्ट ऐकली होती. ती खरी का?

कोमलनिषाद

चाफा, गोष्ट प्रसिद्ध आहे, पण हायडनने स्वतः ती नाकारली होती. ग्रीझिंगरनेच त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला की झोपलेल्यांना उठवायला नाही, लंडनच्या लोकांना काहीतरी नवं द्यायचं होतं. त्याला कारणही होतं. १७९२च्या मोसमात त्याचाच शिष्य प्लेयेल लंडनमध्ये दुसऱ्या संस्थेच्या मैफली करत होता आणि वर्तमानपत्रं दोघांची तुलना करत होती. शिष्यापुढे मागे पडायचं नव्हतं.

आता तो दणका परत ऐका, पण त्याच्या आधीचं ऐका. सगळी करामत तिथे आहे. आठ बारची बाळबोध चाल, हळू. तीच पुन्हा, आणखी हळू, आणि तंतुवाद्यं आता बोटांनी छेडलेली. म्हणजे आवाज कमी होत चाललाय, कान पुढे झुकतोय. सोळाव्या बारला टिंपनीसकट (मोठ्या नगाऱ्यांसकट) सगळा वाद्यवृंद. आणि माझ्या मते खरी हुशारी त्यानंतर आहे: त्या जागी तो दणका पुन्हा कधीच येत नाही. पुढे त्याच चालीची व्हेरिएशन्स, म्हणजे बदललेली रूपं, आहेत, प्रत्येक वेळी ती जागा आली की आपण सावरून बसतो, आणि काही होत नाही. औडव म्हणतात ती अपेक्षा इथे एकदा मोडून पुढे पूर्ण मूव्हमेंटभर वापरली आहे.

ठेका_सातारा

मी तबला वाजवतो, पाश्चात्त्य संगीतातलं फारसं कळत नाही. तरी धागा वाचून तो 'जोक'चा शेवट लावला. शांततेच्या त्या जागा ऐकताना तिहाईच्या (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येण्याच्या) मधल्या दमांची आठवण झाली. दमाची तिहाई घेतो तेव्हा दोन पल्ल्यांमधली शांतता मोजलेली असते, आवर्तन आत चालूच असतं, म्हणून समेवर आल्यावर मान डोलते. हायडनच्या शांततासुद्धा मोजलेल्या आहेत का, की वादकाच्या मर्जीवर?

आणि दुसरं, एका छोट्या तुकड्यातून सगळं वाढवत नेण्याची जी पद्धत जाणवली, तिला आपली बढत म्हणता येईल का?

औडव

ठेका, फार नेमका प्रश्न. मोजलेल्या आहेत. प्रत्येक विश्रांती बारमध्ये लिहिलेली आहे आणि लय सुटलेली नाही. म्हणून तर ती काम करते. नुसतं थांबणं असतं तर श्रोता सैल झाला असता. इथे तो आत मोजत राहतो. फरक एवढाच की तुमची तिहाई समेवर सोडवते. हायडन तीन-चार वेळा मोजायला लावतो आणि सम दिल्यावर पुन्हा एक पाऊल टाकतो.

याहून धीट नमुना हवा असेल तर ९०वी सिम्फनी, सी मेजर, शेवटची मूव्हमेंट. भरघोस शेवट होतो, तुतारी-टिंपनीसकट, कुणालाही वाटावं की झालं. मग चार बार पूर्ण शांतता. आणि मग तीच चाल डी-फ्लॅटमध्ये, म्हणजे अर्ध्या स्वराने वर, अगदी लांबच्या मुलखात, हळूच सुरू. लोक आजही त्या चार बारमध्ये टाळ्या वाजवतात. त्यात हायडनने या उत्तरार्धाची पुनरावृत्ती लिहून ठेवलीय. म्हणजे वादकांनी ती पाळली तर ही फसगत दुसऱ्यांदा होते, आणि दुसऱ्यांदा टाळ्या वाजवाव्यात की नाही, या पेचात सभागृह असतं.

बढतीबद्दल मी जरा सावध राहीन. आपल्याकडे राग स्वरास्वराने उघडत जातो, षड्ज सुटत नाही, तंबोरा मागे आहे. हायडनमध्ये उलट आहे. तुकडा तोच राहतो आणि त्याच्या खालची जमीन सरकते. १०४वी सिम्फनी घ्या, डी मेजर, १७९५, त्याची शेवटची. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पहिल्या मूव्हमेंटमध्ये मूळ 'की' (स्वरपट्टी) सोडून ए मेजरला गेलं की नवी, वेगळ्या स्वभावाची चाल यायची असते. मोझार्ट इथे एकाहून एक सुंदर नव्या चाली देतो. हायडन ए मेजरला जातो आणि पहिलीच चाल पुन्हा मांडतो. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, याच्याकडे चालींचा तुटवडा होता की काय. पण तीच चाल दुसऱ्या जागेवरून ऐकली की तिचा स्वभावच वेगळा लागतो. मग पुढे तो तिच्यातला एवढासा तुकडा, एकाच स्वराचे चार ठोके आणि दोन उतरते सूर, काढून घेतो आणि त्याच्यावर सगळा मधला भाग उभा करतो. ही काटकसर मला त्याच्या प्रतिभेचा गाभा वाटते.

उत्तररात्र

लेख आवडला, पण सहमत नाही. तुम्ही सगळे जे सांगताय ते सगळं बुद्धीचं आहे. अपेक्षा, फसगत, काटकसर. मला संगीतात हलवून सोडणारं काहीतरी हवं असतं. मोझार्टच्या २३व्या पियानो कॉन्चेर्टोची संथ मूव्हमेंट ऐकताना श्वास अडकतो. हायडनने मला कधी रडवलेलं नाही.

शिवाय तुमच्या मूळ मुद्द्यातच अडचण आहे. ओळखीच्या कानांमुळे तो असा झाला म्हणता, तर मग लंडनला तो एवढा गाजला कसा? तिथे तर सगळे अनोळखी.

दर्या_मडगाव

नमस्कार मंडळी. मी व्हायोलिनवाला, तोही दुसऱ्या व्हायोलिनचा. आमच्या घराण्यात हे चर्चच्या शाळेतून आलं. गोव्यात गावोगावच्या पॅरिश शाळांत पोरांना सोल्फेजिओ (स्वरलिपी वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवायचे, आणि तिथून शिकून आमची माणसं मुंबईला गेली, वाद्यवृंदांत आणि पुढे सिनेमाच्या स्टुडिओंत. व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी १९३५ला बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि १९४०ला बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट सुरू केलं. सिनेसंगीतातल्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांचं नाव तर सगळ्यांना ठाऊक आहेच. आमच्या घरी हायडन पोथीसारखा होता. रविवारी चौघं जमले की आधी हायडन.

उत्तररात्र यांना एक सांगतो. हायडन ऐकण्याआधी वाजवणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यातलं हलवून सोडणारं पुष्कळदा आतून कळतं. ओपस ७६, क्रमांक ३ घ्या, 'एम्परर'. १७९७मध्ये हायडनने सम्राट फ्रान्सिसच्या वाढदिवसासाठी एक गीत रचलं होतं. आज जर्मनीच्या राष्ट्रगीताची चाल तीच आहे. या क्वार्टेटच्या दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये तीच चाल आणि तिच्यावर चार व्हेरिएशन्स. पण ही नेहमीची व्हेरिएशन्स नाहीत. चाल बदलतच नाही! एक सूरही नाही. ती फक्त हातोहात फिरते.

पहिल्या व्हेरिएशनमध्ये चाल दुसऱ्या व्हायोलिनकडे येते. चेलो गप्प, व्हिओला गप्प. फक्त मी आणि माझ्याभोवती पहिलं व्हायोलिन बारीक, चपळ स्वरांची वेल चढवत जाणारं. आयुष्यभर आत बसून स्वर भरणाऱ्या माणसाला इथे पूर्ण चाल मिळते, आणि वाजवायला ती अवघड नाही, फक्त सरळ वाजवायची. तेच सगळ्यात कठीण. मग चेलोला मिळते, मग व्हिओलाला, शेवटी परत पहिल्या व्हायोलिनकडे, पण आता खालचे स्वर असे काही सरकलेले की तीच चाल प्रार्थना होते. म्हातारपणी हायडन हीच चाल रोज पियानोवर वाजवायचा. १८०९च्या मे महिन्यात नेपोलियनच्या तोफा व्हिएन्नावर चालल्या होत्या तेव्हाही. ३१ मेला तो गेला.

चौघांना समान मान देणं ही गोष्ट त्याने घडवली. त्याच्या आधी असं नव्हतं. १७७२च्या ओपस २०पासून ऐका. पहिल्याच पानावर, क्रमांक दोनमध्ये, मुख्य चाल चेलो घेतो आणि पहिलं व्हायोलिन चक्क थांबून राहतं. तरुण बीथोव्हनने याच ओपसमधला क्रमांक एक स्वतःच्या हाताने उतरवून घेतला होता, शिकायला.

देव बरें करूं.

चाफा

दर्या, तुमच्या प्रतिसादानंतर 'एम्परर' लावलं. दुसऱ्या व्हायोलिनची जागा ओळखता आली! चेलो वाजत नाहीये हे कळल्यावर एकदम सगळं मोकळं मोकळं ऐकू आलं.

डॅन्यूबकाठ

व्हिएन्नात राहते, म्हणून थोडी भर. औडव यांनी आयझेनश्टाट लिहिलंय, पण १७६६नंतर निकोलाउसचा जीव जडला तो दुसऱ्या ठिकाणी, एस्तरहाझा. आयझेनश्टाटजवळच्या सरोवराच्या पलीकडे, दलदलीच्या जमिनीवर बांधलेला प्रचंड राजवाडा. आज ते हंगेरीत फेर्टोड गावात आहे. ऑपेराचं स्वतंत्र नाट्यगृह, कळसूत्री बाहुल्यांचं वेगळं नाट्यगृह, सगळं होतं. आणि आजूबाजूला काही म्हणजे काही नाही. आजही तिथे गेलं की सपाट शेतं आणि वारा. हायडन वर्षातले बरेच महिने इथे असायचा. १७९०च्या फेब्रुवारीत व्हिएन्नाहून परतल्यावर त्याने मारियाने फॉन गेंत्सिंगर या स्नेही बाईंना पत्र लिहिलंय, ते वाचून पोटात तुटतं. मी माझ्या रानात परत येऊन बसलोय, जवळ माणूस नाही, तुमच्याकडच्या सुग्रास जेवणानंतर इथे पन्नास वर्षांच्या गायीचं मांस ताटात येतं. 'तेच कान' ही गोष्ट खरी आहे, पण तिची किंमतही लक्षात घेऊया.

वादकांची स्थिती तर आणखी वाईट. बहुतेकांना बायकामुलं तिथे आणायची परवानगी नव्हती. १७७२मध्ये निकोलाउसने मुक्काम वाढवला आणि वादकांनी हायडनकडे गाऱ्हाणं घातलं. तिथून आली ती ४५वी सिम्फनी, 'फेअरवेल'. एफ-शार्प मायनर (मायनर म्हणजे उदास छटेची की), ही की सिम्फनीत त्या काळी जवळजवळ कुणी वापरत नसे. हॉर्नवाल्यांना त्या कीसाठी नळीचे वेगळे तुकडे बनवून घ्यावे लागले होते. शेवटची मूव्हमेंट तडफेने सुरू होते आणि मध्येच तुटून संथ होते. मग एकेक वादक आपला शेवटचा तुकडा वाजवतो, मेणबत्ती विझवतो, उठतो. आधी ओबो आणि हॉर्न, मग बासून, ही फुंकून वाजवायची वाद्यं. डबल बासला जाण्याआधी चांगला लांब एकल भाग आहे, ऐकाच. शेवटी दोन व्हायोलिन उरतात, म्यूट (आवाज दबवणारी चिमटी) लावलेली. त्या रात्री एक हायडनचं आणि एक वाद्यवृंदाचा प्रमुख व्हायोलिनवादक तोमासिनी याचं. दुसऱ्या दिवशी दरबार आयझेनश्टाटला परतला.

एका नोकराने मालकाला सांगायची ही रीत मला थोर वाटते. विनंती आहे, निषेध आहे, आणि तक्रारीचा एक शब्द नाही. हे फक्त त्या मालकालाच कळलं असतं, कारण हे वादक कोण, कुणाची मेणबत्ती कुठे, हे त्याला ठाऊक होतं.

औडव

डॅन्यूबकाठ, किमतीबद्दल लिहिलंत ते फार महत्त्वाचं. माझ्या मूळ पोस्टला तो कोन हवाच होता.

उत्तररात्र, लंडनबद्दल. निकोलाउस सप्टेंबर १७९०मध्ये वारला, वारसाने वाद्यवृंद जवळजवळ मोडला, हायडनला निवृत्तिवेतन देऊन मोकळं केलं. बातमी कळताच योहान पीटर सालोमन हा व्हायोलिनवादक व्हिएन्नाला त्याच्या दारात हजर झाला: मी लंडनचा सालोमन, तुम्हाला न्यायला आलोय. डिसेंबरमध्ये दोघं निघाले आणि १ जानेवारी १७९१ला हायडनने, वयाच्या ५८व्या वर्षी, पहिल्यांदा समुद्र ओलांडला. पण तिथला श्रोता तुम्ही म्हणता तसा परका राहिला नाही. हॅनोव्हर स्क्वेअरच्या मैफली वर्गणीच्या होत्या, मोसमात दर आठवड्याला एक. तेच वर्गणीदार पुन्हा पुन्हा येणार. म्हणजे तेच कान, फक्त शेकडो. आणि हायडनने त्यांचाही अभ्यास केला. लोक उशिरा येतात हे पाहून आपली सिम्फनी कार्यक्रमाच्या उत्तरार्धात ठेवायला लावली. १००व्या सिम्फनीत, 'मिलिटरी', संथ आणि निवांत भागात अचानक बास ड्रम, झांजा आणि ट्रँगल घुसतात. एवढी वर्षं अपेक्षेशी खेळलेला हात होता, मोठं सभागृह मिळाल्यावर तो आणखी मोकळा झाला.

मोझार्टशी तुलना मी मुद्दाम टाळतो. त्या दोघांनीच ती टाळली होती. मोझार्टने आपले सहा क्वार्टेट १७८५मध्ये हायडनला अर्पण केले, आणि त्याच वर्षी ते ऐकून हायडनने मोझार्टच्या वडिलांना, देवाला साक्षी ठेवून, तुमचा मुलगा मला ठाऊक असलेला सर्वात थोर रचनाकार आहे असं सांगितलं. एवढं मन असलेला माणूस कोरड्या बुद्धीचा असेल असं मला वाटत नाही.

कोमलनिषाद

'हायडनने कधी रडवलं नाही' यावर मला एक कृती सुचवायचीय. 'सेव्हन लास्ट वर्ड्स' ऐका.

स्पेनमधल्या कादिथ शहरातून हे काम आलं, १७८६च्या सुमारास. गुड फ्रायडेचा विधी. हायडनने पुढे स्वतःच वर्णन केलंय: चर्चच्या भिंती, खिडक्या, खांब काळ्या कापडाने झाकलेले, मधोमध एकच मोठा दिवा. बिशप क्रुसावरच्या येशूच्या सात वचनांपैकी एक उच्चारणार, त्यावर बोलणार, मग खाली उतरून गुडघे टेकणार. तेवढा वेळ संगीत. मग दुसरं वचन. म्हणजे ओळीने सात संथ रचना, प्रत्येकी दहाएक मिनिटांच्या, आणि श्रोता थकता कामा नये. हे सोपं काम नव्हतं, असं हायडनने नमूद केलंय. शब्द गायचे नाहीत, नुसती वाद्यं. आधी वाद्यवृंदासाठी लिहिलं, मग १७८७मध्ये क्वार्टेटसाठी, पुढे गायनवृंदासह.

पाचवं वचन 'मला तहान लागली आहे'. तंतुवाद्यं गज बाजूला ठेवून बोटांनी छेडलेली, कोरडी, टपटप. वर पहिलं व्हायोलिन फक्त दोन स्वर वाजवतं, उतरते. पुन्हा तेच दोन. की मेजर आहे, म्हणजे वरवर उजेडाची, आणि तरी घसा सुकतो. मग मध्येच सगळे जोरात कोसळतात. औडव म्हणतात ती काटकसर इथे बुद्धीची राहत नाही. दोन स्वरांत तहान!

आणि सातव्यानंतर भूकंप. पाऊण-एक तास संथ चाललेलं सगळं दोनेक मिनिटांच्या प्रेस्टोत, म्हणजे अतिद्रुत भागात, फुटतं.

उत्तररात्र

कोमलनिषाद, क्वार्टेटचं रूप काल रात्री दिवे मालवून ऐकलं. पाचवं तीनदा ऐकलं. माझं मोझार्टवरचं प्रेम कमी होणार नाही आणि हायडन माझा पहिला होणार नाही. पण पहिल्या वचनातसुद्धा जे मागचं सतत धडधडणं आहे, ते आज ऑफिसात बसल्यावरही कानात आहे. क्वार्टेटमध्ये ऐकल्याने कदाचित जास्त भिडलं. वाद्यवृंदाची झूल नाही, चार माणसं आणि पुढे सुटका नाही.

मायनरमधलं अजून काय ऐकू?

दर्या_मडगाव

४४वी सिम्फनी, ई मायनर, 'मोर्निंग' (Mourning, म्हणजे शोक; सकाळ नव्हे). तिची संथ मूव्हमेंट मात्र मेजरमध्ये आहे, आणि तीच सगळ्यात दुखरी. ४९वी, एफ मायनर. क्वार्टेटांत ओपस २० क्रमांक ५, शेवटी दोन विषयांचा फ्यूग (एकच चाल वाद्यं एकामागून एक उचलतात तो प्रकार), बराच वेळ दबक्या आवाजात चालणारा. ओपस ७६ क्रमांक २, डी मायनर, त्याचा मिन्युएट (नृत्याच्या ठेक्याची मूव्हमेंट) म्हणजे दोन व्हायोलिनं पुढे आणि व्हिओला-चेलो एक बार मागून त्यांचा माग काढत तेच वाजवतात. वाजवताना अंगावर काटा येतो.

चाफा

माझी मुलगी पियानो शिकते, परीक्षांच्या पुस्तकात तिला हायडनचा एक सोनाटा आहे. तिला तो 'सोपा पण विचित्र' वाटतो, मध्येच थांबतो म्हणते. आता तिला सांगते की थांबणं मोजून वाजव! आणि रेकॉर्डिंग कोणती ऐकावीत?

औडव

चाफा, मुलीचा कान चांगला आहे, तिला सांगा. थोडी मोठी झाली की सी मायनरचा १७७१चा सोनाटा आणि १७९३ची एफ मायनर व्हेरिएशन्स जरूर वाजवू दे.

सिम्फनींसाठी दोन मोठे संच आहेत. अंताल दोरातीने फिलहार्मोनिया हंगारिकासोबत १९६९ ते ७२मध्ये सगळ्या ध्वनिमुद्रित केल्या. हा वाद्यवृंद हंगेरीतून परागंदा झालेल्या वादकांचा होता, आणि त्या वाजवण्यात एक ऊब आहे. दुसरा आदाम फिशरचा, आयझेनश्टाटच्या त्याच वाड्यातल्या दिवाणखान्यात मुद्रित केलेला. १७६१ची ६वी, ७वी, ८वी ('सकाळ', 'दुपार', 'संध्याकाळ') तिथली ऐकली की कळतं, नव्या नोकरीत आलेल्या माणसाने पहिल्याच फटक्यात प्रत्येक वादकाला, अगदी डबल बासलासुद्धा, एकल जागा का दिल्या. ज्यांच्यासोबत आयुष्य काढायचं होतं त्यांना आधी आपलंसं करून घेतलं.

मग 'क्रिएशन'कडे या, १७९८. सुरुवात सृष्टीपूर्वीच्या गोंधळाची, सी मायनर. पाच-सहा मिनिटं एकही वाक्य जिथे संपायला हवं तिथे संपत नाही. तंतुवाद्यांना म्यूट. गायनवृंद कुजबुजत येतो. 'प्रकाश होवो', त्यानंतर तंतुवाद्यांचा एकच छेडलेला ठोका, मग 'आणि झाला' अगदी हळू, आणि 'प्रकाश' या शब्दावर म्यूट निघालेल्या वाद्यांसह सगळ्यांचा सी मेजर. नुसता सी मेजर, संगीतातला सर्वात साधा कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर). हे पान हायडनने पहिल्या प्रयोगाआधी कुणाला दाखवलं नव्हतं, असं त्याच्या व्हिएन्नातल्या एका स्नेह्याने लिहून ठेवलंय. १८०८मध्ये, ७६वा वाढदिवस चार दिवसांवर असताना, त्याला खुर्चीत बसवून याच रचनेच्या प्रयोगाला आणलं. सालिएरी संचालन करत होता. ही जागा आली, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, तेव्हा त्याने हात वर केला: हे तिकडून आलं.

चांगल्या स्पीकरवर ऐका, फोनवर नको. सुरुवात हळू आहे म्हणून आवाज वाढवू नका.

ठेका_सातारा

आवाज वाढवू नका हे वाचायच्या आधीच वाढवला होता. घरातले सगळे बाहेर आले. आता सगळ्यांना बसवून पुन्हा लावतोय.

दर्या, तुमच्याकडे ओपस ३३ वाजवताना त्या शेवटच्या शांततेत चौघं मोजता कसे? कुणी खूण देतं का?

दर्या_मडगाव

ठेका बाब, खूण कुणी देत नाही. गज तारेच्या जरा वर धरून ठेवायचे, खाली घ्यायचे नाहीत. खाली घेतले की लोक टाळ्या वाजवतात. चौघं आतल्या आत मोजतात आणि पहिलं व्हायोलिन श्वास घेतं. तो श्वास ऐकूनच शेवटचा तुकडा सुरू करायचा.